कादंबरींतील उत्कंठा

घरांत नवी रहस्यकथा आली, कीं तिच्यावरून लहानसें राजकारण सुरू होतें. ज्यानें ती वाचनालयांतून आणली, त्याचा पहिला मान; बाकीच्यांनीं आपापली पाळी येण्याची वाट पाहावयाची. कोणी जेवतांनाहि पुस्तक पाटाशेजारीं उघडें ठेवतो, कोणी दिवा मालवण्याची वेळ पुढें ढकलीत राहतो. आणि अशा ऐन रंगांत, आधीं वाचून मोकळा झालेला एखादा थोरला भाऊ पानाला चुना लावतां लावतां सहज बोलून जातो, "अरे, खून त्या कारकुनानेंच केलेला आहे." मग काय विचारतां! धाकटीच्या डोळ्यांत पाणी येतें, भावाभावांत अबोला धरला जातो, आणि दीडशें पानें वाचावयाचीं उरलेलीं असतांना तें पुस्तक दुसऱ्याच दिवशीं वाचनालयांत परत जातें.

अपराध भावाचा खरा. परंतु थोडा दोष त्या पुस्तकाकडेहि जातो. एका वाक्यानें ज्याचा प्राण गेला, त्याच्या अंगीं प्राण होता तरी किती? याच घरांतील आजी आयुष्यभर हरिश्चंद्राचें आख्यान ऐकत आलेली असते. तारामतीच्या मानेवर उगारलेली तलवार खालीं येणार नाहीं, हें तिला पाठ असतें. तरी कीर्तनकारबुवा त्या जागेवर येऊन क्षणभर थांबले, आणि पुढची हकीकत सांगण्याऐवजीं त्यांनीं मध्येंच एक अभंग धरला, कीं तिचा श्वास अडकतोच. शेवट ठाऊक आहे. उत्कंठा मात्र तिळभरहि उणी झालेली नाहीं. हें कसें घडतें, एवढ्याच प्रश्नाचा नीट विचार केला, तर उत्कंठावर्धक म्हणून ज्या शेंकडों कादंबऱ्या वाचकांपुढें येतात, त्यांतून चांगल्या कोणत्या व नुसत्या चटकदार कोणत्या, हें निवडण्याची एक साधी कसोटी हातीं येते.

सुशिक्षित घरांतून या जातीच्या पुस्तकांविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हें वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय. मुलांच्या अभ्यासाचा आणि मोठ्यांच्या अभिरुचीचा त्यानें नाश होतो. दुसरा पक्ष म्हणतो, जें पुस्तक हातांतून सुटत नाहीं तें चांगलें, मग बाकी चर्चा कशाला? दोन्ही पक्षांच्या मनांत एक समजूत समान असते. ती अशी कीं, उत्कंठा म्हणजे लेखकानें शेवट दडवून ठेवावा आणि वाचकानें तो शोधीत धांवावें. ही समजूतच मुळीं अपुरी आहे.

कुतूहल, विस्मय आणि उत्कंठा या तीन वस्तु निरनिराळ्या आहेत. बंद पेटींत काय आहे, असें वाटणें हें कुतूहल. पेटी उघडतांच आंतून साप निघाला, हा विस्मय. परंतु पेटींत साप आहे हें वाचकाला ठाऊक आहे, आणि एक अजाण मूल खेळतां खेळतां त्या पेटीकडे चाललें आहे, ही उत्कंठा. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात चित्रपट-दिग्दर्शकानें १९६२ सालीं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो याच्याशीं झालेल्या प्रदीर्घ संभाषणांत हाच भेद बाँबच्या दृष्टांतानें समजावून दिला होता. चार माणसें मेजाभोंवतीं गप्पा मारीत बसलीं आहेत आणि अकस्मात् मेजाखालचा बाँब फुटला, तर प्रेक्षकाला कांहीं सेकंदांचा धक्का बसतो. पण बाँब तेथें आहे आणि तो अमुक वेळीं फुटणार आहे, हें प्रेक्षकाला आधींच दाखविलें, तर त्याच निरर्थक गप्पांच्या पंधरा मिनिटांत त्याचा जीव कासावीस होतो. पहिल्या वेळीं प्रेक्षकापासून कांहीं लपविलें. दुसऱ्या वेळीं त्याला पात्रांपेक्षां अधिक सांगितलें. उत्कंठा ही पुष्कळदां अज्ञानांतून नव्हे, तर अशा अधिक ज्ञानांतून जन्मास येते.

तिला लागणाऱ्या गोष्टी तीनच: ज्याच्याविषयीं आस्था वाटावी असें माणूस, त्याच्याकडे येणाऱ्या संकटाची चाहूल, आणि त्या दोहोंमध्यें लेखकानें संयमानें घातलेला विलंब. कीर्तनकारबुवांजवळ या तिन्ही असतात. कादंबरीचा प्रकार कोणताहि असो, तिची परीक्षा यांवरच करावी.

विलंबाची कला कादंबरीकारांना मोठ्या प्रमाणावर शिकविली ती नियतकालिकांनीं. विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी चार्लस् डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकांतून नोव्हेंबर १८५९ पासून ऑगस्ट १८६० पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. उन्हाळ्याच्या एका रात्रीं चित्रकलेचा एक तरुण शिक्षक लंडनकडे एकटाच चालला आहे; रस्ता निर्मनुष्य; आणि पाठीमागून त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडतो. वळून पाहतो तों पांढऱ्या वस्त्रांतील एक स्त्री. येथून सुरू झालेली कथा निरनिराळीं पात्रें, न्यायालयांतील साक्षीदारांप्रमाणें, आपापल्या माहितीपुरती सांगत जातात. प्रत्येक साक्षीदाराला थोडेंच ठाऊक. सगळें जुळवून पाहण्याचें काम वाचकाचें. कॉलिन्सचीच १८६८ सालची 'द मूनस्टोन' भारतीय वाचकाला अधिक जवळची वाटेल. १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटींत एक इंग्रज अधिकारी मूळचा सोमनाथाच्या चंद्रदेवतेचा एक हिरा बळकावतो. पुढें तो हिरा एका तरुणीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्रीं नाहींसा होतो. त्या हिऱ्याच्या मागावर असलेले तीन ब्राह्मण, गुलाबांच्या बागेचा नाद असलेला पोलीस अधिकारी, आणि कोणताहि पेंच पडला कीं 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून बसणारा घरचा जुना कारभारी, हीं पात्रें चोर सांपडल्यानंतरहि स्मरणांत राहतात. ज्या घरांत या प्रकारची एकच इंग्रजी कादंबरी वाचावयाची असेल, तेथें 'मूनस्टोन' वाचावी.

मराठींतहि हाच क्रम दिसतो. हरि नारायण आपटे यांनीं १८९० पासून 'करमणूक' हें साप्ताहिक चालविलें आणि आपल्या अनेक कादंबऱ्या त्यांतूनच क्रमशः दिल्या. पुढचा अंक येईपर्यंत आठवडाभर घरोघर तर्क चालत. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनीं रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारें जीं 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' यांसारखीं पुस्तकें लिहिलीं, त्यांनीं भुयारें, वेषांतरें आणि हरवलेले वारस यांचें एक निराळेंच जग वाचकांपुढें उभें केलें. नंतरच्या काळांत बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजाराचीं आणि काळ्या पहाडाचीं लहान पुस्तकें भाड्यानें आणून एका बैठकींत संपविणाऱ्या मुलांतूनच पुढें मोठीं पुस्तकें वाचणारे पुष्कळ वाचक तयार झाले. तेव्हां या वाचनानें अभिरुचि बिघडतेच, असें म्हणणाऱ्यांनीं थोडें जपून बोलावें.

शुद्ध शोधकथा, म्हणजे खून कोणी केला याचा छडा लावणारी कथा, ही मात्र शेवटावर सर्वांत अधिक अवलंबून असते, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. अगाथा ख्रिस्ती या लेखिकेची १९२६ सालची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' ही कादंबरी ज्याला कोणी आधीं सांगून टाकली, त्याचें खरोखर नुकसान झालें. तरी तीहि दुसऱ्यांदा वाचण्यासारखी आहे. पहिल्या वाचनांत वाचक फसतो. दुसऱ्या वाचनांत आपण कोठें आणि कसे फसलों, हें तो वाक्यावाक्याला पाहतो, आणि लेखिकेनें खोटें कोठेंच सांगितलें नव्हतें हें पाहून थक्क होतो. तिचीच १९३९ सालची 'अँड देन देअर वेअर नन' ही याहून अधिक भेदक आहे. डेव्हनच्या किनाऱ्यानजीकच्या एका बेटावर दहा माणसें जमतात; रात्रीं जेवणानंतर ग्रामोफोनची एक तबकडी त्यांतील प्रत्येकावर एकेका मृत्यूचा आरोप ठेवते; आणि मग संख्या घटूं लागते. येथें 'कोणी केलें' यापेक्षां 'आतां कोणाची पाळी' हा प्रश्न मोठा होतो, आणि स्वतःच्या जुन्या अपराधाशीं प्रत्येकाची गांठ कशी पडते हें पाहण्यांत वाचक गुंततो. आर्थर कॉनन डॉयलच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या १९०१-०२ सालीं 'स्ट्रँड' मासिकांतून आलेल्या कादंबरींत तर शेरलॉक होम्स बराच काळ रंगभूमीवर नाहींच. डार्टमूरच्या ओसाड माळावर वॉटसन एकटा आहे, ही जाणीवच भय वाढविते. शेजारच्या बंगालींत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनीं १९३२ पासून लिहिलेल्या ब्योमकेश बक्शीच्या कथाहि याच पंक्तींत बसतील; हा नायक स्वतःला गुप्त पोलीस म्हणवून घेत नाहीं, 'सत्यान्वेषी' म्हणवून घेतो, आणि त्या शब्दांतच त्याचें वेगळेपण आहे.

ऐतिहासिक कादंबरीकडे वळलें, कीं शेवट लपविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. तो शाळेंतील पुस्तकांत आधींच छापलेला असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं हरिभाऊंनीं तानाजी मालुसऱ्याच्या १६७० सालच्या कोंडाण्यावरील पराक्रमावर कादंबरी लिहिली आणि तिला नांव दिलें 'गड आला पण सिंह गेला'. सगळा शेवट मुखपृष्ठावर! गड मिळणार आणि तानाजी पडणार, हें ज्याला ठाऊक नाहीं असा मराठी वाचक शोधून सांपडणार नाहीं. परंतु त्यामुळेंच, घरचें लग्न बाजूला ठेवून निघालेल्या तानाजीच्या प्रत्येक पावलाबरोबर वाचकाचें मन जड होत जातें. जें तानाजीला ठाऊक नाहीं तें वाचकाला ठाऊक आहे. मेजाखालचा बाँब त्याला दिसतो आहे.

याच युक्तीचें आधुनिक रूप फ्रेडरिक फोर्सिथच्या 'द डे ऑफ द जॅकल' या १९७१ सालच्या कादंबरींत सांपडतें. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांच्यावर २२ ऑगस्ट १९६२ रोजीं पॅरिसनजीक पेती-क्लामार येथें खरोखरच गोळीबार झाला होता. या सत्य घटनेपासून कथा सुरू होते, आणि पुढें द गोल यांच्या वधासाठीं एका परक्या मारेकऱ्याची नेमणूक होते, ही लेखकाची कल्पना. द गोल १९७० च्या नोव्हेंबरांत आपल्या घरीं वारले, हें सर्व जगाला ठाऊक होतें. म्हणजे मारेकरी यशस्वी होणार नाहीं, हें पहिल्या पानाआधींच ठरलेलें. असल्या कथेंत कोण गुंतणार, अशा शंकेनें कित्येक प्रकाशकांनीं हस्तलिखित परत केलें. त्यांचा तर्क चुकला, कारण उत्कंठेची जागा त्यांना कळली नाहीं. जॅकल बनावट पारपत्र कसें मिळवितो, बंदूक कशी घडवून घेतो, रानांत जाऊन कलिंगडाच्या जातीच्या एका फळावर नेम कसा धरून पाहतो, हें सर्व लेखक एखाद्या बातमीदाराच्या तटस्थपणानें सांगतो. दुसऱ्या बाजूस लबेल नांवाचा एक साधा, संसारी पोलीस अधिकारी, जवळ नांव नाहीं, छायाचित्र नाहीं, अशा माणसाचा माग काढीत असतो. 'काय होणार' हा प्रश्न संपला. 'कसें टळणार' हा उरला, आणि तोच पुस्तक खालीं ठेवूं देत नाहीं. राजकारण आणि हेरगिरी यांची आवड असलेल्यांनीं ही कादंबरी अवश्य वाचावी.

भयकथांत ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' अद्यापि आपलें स्थान राखून आहे. तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांमुळें ती केवळ रक्त आणि सुळे यांची कथा आहे, असा समज झाला आहे. प्रत्यक्षांत ती रोजनिश्या, पत्रें, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणें यांतून सांगितलेली अत्यंत सावध रचना आहे. पहिल्या चार प्रकरणांत जोनाथन हार्कर या तरुण वकिलाच्या रोजनिशींतून त्या सरदाराचें खरें स्वरूप वाचकाला कळून चुकतें. नंतर कथा एकदम इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिट्बी गांवीं येते. तेथें सूर्यप्रकाश आहे, लग्नाच्या गोष्टी आहेत, दोन मैत्रिणी टेकडीवर बसून समुद्र पाहत आहेत. एके रात्रीं वादळांत एक जहाज बंदरांत शिरतें. त्याच्या चक्राला कप्तानाचें प्रेत बांधलेलें असतें. गांवाला तें एक नवल वाटतें. वाचकाला मात्र कोण उतरलें तें ठाऊक असतें. पुढचीं कितीतरी पानें भयाचा सारा भार हा एकट्या वाचकाच्या ज्ञानावर आहे. याच बीजाचा विस्तार अमेरिकन लेखक स्टीफन किंग यानें १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट' मध्यें एका लहान गांवाच्या कथेंत केला, आणि नारायण धारपांनीं त्या कादंबरीच्या आधारें मराठींत 'लुचाई' लिहिली. एका गांवांतील घरें एकामागून एक अंधारीं होत जातात, या कल्पनेला देशाची सीमा नाहीं. धारपांचें पुस्तक रात्रीं एकट्यानें वाचूं नये, हा अनुभवी वाचकांचा सल्ला अगदींच थट्टेचा नव्हे.

विज्ञानकथेंत संकटाची चाहूल एखाद्या भुतापासून नव्हे, तर माणसाच्या बुद्धीपासूनच येते. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या १९८६ सालच्या कादंबरींत जमिनीखालीं सांपडलेल्या एका प्राचीन, परंतु प्रगत संस्कृतीच्या ठेव्यांतून नवें ज्ञान हातीं येतें, आणि त्या ज्ञानाच्या बळावर विचार करणारें यंत्र घडविण्यांत येतें. येथेंहि शेवट शीर्षकांतच आहे. हरिभाऊंप्रमाणें नारळीकरांनींहि तो लपविला नाहीं. वाचकाच्या मनांत जो प्रश्न घोळतो तो दुसराच: ज्यांनीं हें ज्ञान एवढें जपून पुरून ठेवलें, ते लोक स्वतः कोठें गेले? हें पुस्तक निघालें त्या वेळीं विचारी यंत्रें ही बहुतांशीं कल्पना होती. अशीं यंत्रें घरोघर पोंचल्यानंतर तें पुन्हा वाचणाऱ्याला त्यांतील चाहूल अधिक स्पष्ट ऐकूं येईल. शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांच्या हातीं निःशंकपणें द्यावें असें हें पुस्तक आहे.

आतां राहिल्या त्या कादंबऱ्या, ज्यांना कोणी 'उत्कंठावर्धक' असें लेबल लावीत नाहीं. फ्योदोर दस्तयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' १८६६ सालीं एका रशियन मासिकांतून क्रमशः निघाली. सहा भागांच्या या ग्रंथांत खून पहिल्या भागाच्या अखेरीसच होऊन जातो आणि खुनी कोण, हें वाचकाला प्रारंभापासून ठाऊक असतें. तरी त्यांतील एका प्रसंगाइतका जीवघेणा प्रसंग शोधकथांतून विरळा. रास्कोलनिकोव्ह हा विद्यार्थी त्या सावकारीण म्हातारीच्या घरांत, दोन प्रेतांजवळ उभा आहे. आणि बाहेर जिन्यावर पावलें वाजतात. कोणी दार ठोठावतो. आंतली कडी हालते. बाहेर दोन माणसें, आंत तो. मध्यें एक लाकडी दार. अशा क्षणीं वाचक श्वास रोधून मनांत म्हणतो, हा सुटावा! आणि दुसऱ्याच क्षणीं त्याच्या ध्यानांत येतें, कीं आपण एका खुन्याच्या सुटकेसाठीं प्रार्थना केली. उत्कंठेनें येथें वाचकाला निव्वळ खुर्चीशीं खिळविलें नाहीं. तिनें त्याला त्याच्याच मनाचा एक अंधारा कोपरा दाखविला. पुढचे पांच भाग त्या खुन्याला कोण पकडणार यासाठीं वाचावयाचे नसून, तो स्वतःला किती दिवस फसवूं शकणार यासाठीं वाचावयाचे आहेत. हलक्या आणि भारी वाङ्मयामधील भिंत येथें कोसळून पडते.

घरगुती कादंबरीची गोष्ट याहून वेगळी नाहीं. डॅफ्ने दु मोरिये या लेखिकेच्या १९३८ सालच्या 'रिबेका' मध्यें एक भित्री तरुणी एका धनिक विधुराची दुसरी पत्नी होऊन त्याच्या वाड्यांत येते. तिचें स्वतःचें नांव पुस्तकांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. पहिल्या, मृत पत्नीचें नांव मात्र मुखपृष्ठापासून प्रत्येक रुमालापर्यंत पसरलेलें. ज्यानें घरांत नव्या सुनेचा पहिला महिना पाहिला आहे, त्याला त्या वाड्यांतील कारभारीण डॅन्व्हर्सबाईच्या थंड आदबीचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. हा वाडा आतां राहिलेला नाहीं, हेंहि लेखिका आरंभींच सुचवून टाकते.

आणि हरिभाऊंची 'पण लक्ष्यांत कोण घेतो'? ती 'करमणूक'च्या आरंभींच्या काळांत क्रमशः आली आणि १८९३ सालीं पुस्तकरूप झाली. तिच्यांत भुयार नाहीं, खंजीर नाहीं. यमू नांवाची एक मुलगी आपल्या आयुष्याची हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. माहेर, सासर, थोडे सुखाचे दिवस. परंतु त्या काळच्या वाचकाला, आणि विशेषतः वाचिकेला, वैधव्याची व केशवपनाची रूढि घरोघर दिसत होती. त्यामुळें यमूच्या प्रत्येक हंसण्यामागें तिला ती सांवली दिसे. मेजाखालचा बाँब लेखकानें ठेवला नव्हता. तो समाजानेंच ठेवलेला होता. मराठींतील सर्वांत तीव्र उत्कंठेची कादंबरी कोणती, असें कोणी विचारल्यास शोधकथांची फळी ओलांडून या पुस्तकाकडे बोट दाखवावें लागेल.

या सर्वांचा कळस म्हणून गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन लेखकाची १९८१ सालची एक लहानशी कादंबरी सांगण्याजोगी आहे. तिच्या नांवाचा अर्थच 'पूर्वघोषित मृत्यूची बखर' असा होतो. सांतियागो नासार मारला जाणार, हें पहिल्याच वाक्यांत वाचकाला कळतें. मारणारे दोघे जुळे भाऊ बाजारांत सुऱ्या परजतात आणि भेटेल त्याला आपला बेत सांगतात. जणूं कोणीतरी आपल्याला अडवावें, हीच त्यांची इच्छा. सारा गांव ऐकतो. कोणाला ती थट्टा वाटते, कोणी दुसरा सांगेल म्हणून गप्प बसतो, कोणी सांगावयास निघतो आणि वाटेंत विसरतो. ज्याला कळावयास हवें, त्यालाच तें वेळेवर कळत नाहीं. १९५१ सालीं लेखकाच्या ओळखीच्या एका गांवांत घडलेल्या प्रत्यक्ष घटनेवर ही कथा आधारलेली आहे. अवघ्या दीडशें पानांच्या आंत संपणारें हें पुस्तक मिटतांना वाचक खुनी कोण असें विचारीत नाहीं. त्या गांवांत आपण असतों तर आपण तरी सांगावयास गेलों असतों काय, असें स्वतःला विचारतो. उत्कंठेचा याहून मोठा उपयोग कोणता?

तेव्हां निवड करणाऱ्यानें आपल्या घरांतील वाचकांकडे पाहून क्रम लावावा. नव्यानें इंग्रजी वाचूं लागलेल्यांनीं 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' पासून आरंभ करावा. सावकाश, भरपूर वाचन आवडणाऱ्यांनीं 'मूनस्टोन' घ्यावी. वृत्तपत्र मन लावून वाचणाऱ्यांनीं 'जॅकल'. धीट असतील त्यांनीं 'ड्रॅक्युला' आणि 'लुचाई'. 'गुन्हा आणि शिक्षा' सुटीच्या दिवसांसाठीं राखून ठेवावी. तिला घाईचा वाचक मानवत नाहीं. आणि हरिभाऊंचीं दोन पुस्तकें ज्यांनीं शाळेंत सक्तीनें वाचलीं असतील, त्यांनीं तीं पुन्हा एकदां आपखुशीनें वाचावीं.

शेवट सांगून टाकणाऱ्या थोरल्या भावावर मात्र फार रागावूं नये. त्यानें नकळत एक परीक्षाच घेतलेली असते. त्याच्या त्या एका वाक्यानंतर जें पुस्तक न वाचतां परत जातें, तें भाड्यानें आणलें होतें हें बरेंच झालें. आणि शेवट कळल्यानंतरहि धाकटी ज्याला डोळे पुसून पुन्हा हातीं धरते, तें पुस्तक वाचनालयास परत करून विकत आणावें.